युद्धखेळाचे सैनिक आणि रणगाडे रंगवताना: तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

टेबलावरच्या ऐतिहासिक युद्धखेळासाठी मेहनतीने रंगवलेल्या सैनिकांच्या संगिनींवरून दोन-तीन खेळांतच रंग उडतो, रणगाड्यावरच्या निशाणीभोवती पारदर्शक कडा चकाकत राहते, चेहऱ्यांवर पांढुरकी भुकटी बसल्यासारखी दिसते, आणि हे पाहून बहुतेक जण आपला हात अजून बसलेला नाही असे समजून आणखी बारीक ब्रश शोधू लागतात. माझ्या अनुभवात दोष हाताचा क्वचितच असतो. तो बहुधा क्रमाचा असतो: धुणे राहून गेलेले असते, प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, दमट हवेत मारलेला असतो, किंवा आधीचा थर पुरता सुकण्यापूर्वीच पुढचा चढवलेला असतो.

दुसरी गोष्ट अंतराची. कपाटात मांडायची प्रतिकृती डोळ्यांजवळ धरून पाहिली जाते. खेळातला सैनिक मात्र टेबलाच्या कडेवरून, साधारण एक मीटरवरून दिसतो, आणि तोही आपल्या पलटणीच्या घोळक्यात. शिवाय तो दर खेळात बोटांनी उचलला आणि ठेवला जातो. म्हणून त्याच्या रंगकामात दोन गोष्टींना अग्रक्रम द्यावा लागतो: लांबूनही उठून दिसणारा गडद-फिक्याचा फरक, आणि हाताळणी सोसणारा पृष्ठभाग. खालचे टप्पे याच दोन्ही गरजा धरून लावलेले आहेत. पहिले तीन टप्पे सैनिकांना आणि रणगाड्यांना सारखेच लागू आहेत, त्यानंतर दोघांच्या वाटा वेगळ्या होतात आणि वार्निशपाशी पुन्हा एक होतात.

१. बाटली उघडण्यापूर्वी: वर्ष, आघाडी आणि रंगांची यादी

‘नेपोलियनच्या काळातले फ्रेंच’ किंवा ‘दुसऱ्या महायुद्धातले जर्मन’ एवढ्या मोघम ठरावावर सैनिक आणि रंग विकत घेऊ नयेत. वर्ष ठरले की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. फ्रेंच पायदळाचा १८१२ च्या नियमावलीतला कोट पुढून कमरेपर्यंत बंद आहे; त्याआधीच्या कोटाच्या पुढच्या पांढऱ्या पट्ट्या छातीखाली मागे वळत जातात आणि आतली पांढरी बंडी उघडी दिसते. हा फरक मूर्तीतच कोरलेला असतो. त्यामुळे १८०७ च्या फ्रीडलांडच्या लढाईसाठी नंतरच्या गणवेशातले सैनिक घेतले, तर कोणताही रंग ती चूक झाकू शकत नाही. त्याच काळातल्या ब्रिटिश पायदळाचा लाल कोट जवळजवळ सगळ्यांचा एकच असला, तरी कॉलर आणि बाह्यांच्या टोकांचा रंग रेजिमेंटप्रमाणे बदलतो, आणि ‘रॉयल’ बिरुद लावणाऱ्या रेजिमेंटांचा तो गडद निळा असतो. ९५ व्या रायफल्सचे सैनिक तर गडद हिरव्या कोटात असतात आणि त्यांची कॉलर व बाह्यांची टोके काळी असतात.

रणगाड्यांच्या बाबतीत वर्षाला याहून जास्त महत्त्व आहे. युरोपातल्या आघाड्यांवरचे जर्मन रणगाडे १९४३ च्या आरंभापर्यंत मुख्यतः गडद राखाडी होते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मूळ रंग गडद पिवळा ठरवण्यात आला आणि त्यावर मारण्यासाठी ऑलिव्ह हिरव्या व तांबूस तपकिरी रंगाची पेस्ट तुकड्यांना पुरवली गेली. नक्षी तुकड्यांनी आपापल्या परीने मारली असल्याने तुमच्या दोन रणगाड्यांचे पट्टे तंतोतंत जुळले नाहीत तर ते चुकीचे नाही. मात्र १९४१ च्या मोहिमेत तिरंगी नक्षीचा रणगाडा उतरवला, तर तो चुकीचा आहे. सोव्हिएत रणगाडे बहुतांशी एकरंगी हिरवे असत आणि हिवाळ्यात त्यावर चुन्यासारखा पांढरा हात दिलेला असे.

माहिती जमली की एका जाड कागदावर प्रत्येक वस्तूसमोर मूळ रंग, सावलीचा रंग आणि उजेडाचा रंग अशी तीन नावे लिहून ठेवावीत. वर्षभराने त्याच पलटणीत आठ सैनिकांची भर घालायची वेळ येते तेव्हा हा कागदच कामाला येतो. याच कारणाने पलटणीचा मुख्य रंग दोन बाटल्यांतून मिसळून तयार करू नये, कारण तीच छटा दुसऱ्यांदा जुळत नाही.

तपासणी: संपूर्ण पलटण हाती घेण्यापूर्वी एक सैनिक पहिल्यापासून शेवटपर्यंत, वार्निश आणि बेससह (मूर्तीच्या पायाखालच्या बैठकीसह), पुरा करावा. तो टेबलावर ठेवून उभ्यानेच एक मीटरवरून पाहावा. कोट आणि पँट वेगळे दिसत नसतील, तर छटा आत्ताच बदलावी.

२. साफसफाई, धुणे आणि जोडणी

सगळ्यात कमी वेळ दिला जातो तो याच टप्प्याला, आणि पुढची निम्मी दुखणी इथेच सुरू होतात. आधी मूर्ती कशाची आहे ते पाहावे. खेळातले सैनिक साधारणपणे चार प्रकारच्या मालाचे असतात: धातू, कडक प्लॅस्टिक, १/७२ मापाच्या संचांत सर्रास आढळणारे मऊ, वाकणारे प्लॅस्टिक, आणि रेझिन. गोंद, धुण्याची पद्धत आणि प्रायमर हे तिन्ही यावर ठरतात.

साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे मूर्तीवर एक बारीक उंच रेघ राहते. नुसत्या नजरेला ती दिसत नाही. पण पुढे सावलीचा पातळ रंग तिच्या कडेला साचतो आणि गालावरून खाली आलेली रेघ एखाद्या व्रणासारखी उमटते. ती शोधण्यासाठी दिवा बाजूला, अगदी टेबलालगत ठेवावा आणि सैनिक त्यासमोर हळूहळू फिरवावा, म्हणजे रेघेची सावली पडून ती ओळखू येते. खांदे, टोपीच्या दोन्ही बाजू, बंदुकीची पूर्ण लांबी आणि पायांची आतली बाजू या तिच्या नेहमीच्या जागा. सुरीची धार न वापरता सुरीची पाठ रेघेवरून हलक्या हाताने ओढावी. धार वापरली तर ती मालात घुसते आणि रेघेच्या जागी खाच पडते. धातूला बारीक कानस चालते, पण तिचे ओरखडे नंतर बारीक पॉलिश पेपरने घालवावे लागतात.

वाकलेल्या धातूच्या संगिनी आणि भाले एकाच झटक्यात सरळ करू नयेत. दोन बोटांत धरून थोडे-थोडे वळवावे, आणि एकदा सरळ झाले की पुन्हा हात लावू नये, कारण तीच जागा वारंवार वाकली की धातू तिथेच तुटतो. रेझिनची वाकडी तोफनळी गरम पाण्यात अर्धा मिनिट धरली की नरम होते. मग ती सरळ करून लगेच थंड पाण्यात बुडवावी.

धोका: रेझिन कोरडे घासू नये. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. पॉलिश पेपर ओला करून घासावे, तोंडावर धुळीचा मास्क असावा आणि टेबल ओल्या फडक्याने पुसावे.

साफसफाई झाल्यावर धुणे. मूर्ती साच्यातून सुटावी म्हणून लावलेल्या तेलकट पदार्थाचा अंश, विशेषतः रेझिनवर, शिल्लक राहिलेला असतो आणि त्यावर ना गोंद धरतो ना रंग. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे काही थेंब घालून जुन्या, मऊ दातब्रशने खाचाखोचा घासाव्यात, स्वच्छ पाण्याने खंगाळावे आणि रात्रभर वाळू द्यावे. यानंतर मूर्तीला उघड्या बोटांनी शक्यतो धरू नये.

कडक प्लॅस्टिकसाठी प्लॅस्टिक सिमेंट वापरावे. ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करते. धातूवर आणि रेझिनवर ते निरुपयोगी आहे, तिथे सुपरग्लू लागतो. धातूचा घोडेस्वार किंवा लांब हात अशा जड सांध्यात नुसत्या सुपरग्लूवर विसंबू नये. दोन्ही बाजूंना बारीक भोक पाडून त्यात तारेचा तुकडा बसवावा. सांध्यातली फट एपॉक्सी पुट्टीने भरावी, आणि बोट ओले करून ती गुळगुळीत करावी. पुट्टी रात्रभर घट्ट होऊ द्यावी.

सगळेच भाग आत्ता जोडायचे नसतात. ब्रश जिथे पोचणार नाही असा प्रत्येक भाग वेगळा ठेवावा. स्वार आणि घोडा, ढाल आणि अंग, रणगाड्याचा टरेट (तोफ बसवलेला वरचा फिरता भाग) आणि खालचा सांगाडा, शक्य असेल तर ट्रॅक (चाकांभोवतीचे कड्यांचे पट्टे) आणि चाकेही, वेगवेगळी रंगवून शेवटी जोडावीत. नंतर जिथे गोंद लागणार त्या जागेवर चिकटपट्टीचा कपटा लावावा, कारण रंगावर लावलेला गोंद मूर्तीला धरत नाही, फक्त रंगाला धरतो.

सैनिकांना लाकडी पट्टीवर दुहेरी चिकटपट्टीने एका रांगेत चिकटवावे. दोघांमध्ये बोटभर अंतर ठेवावे, म्हणजे प्रायमरचा फवारा सर्व बाजूंनी पोचतो.

तपासणी: प्रायमरआधी प्रत्येक मूर्ती पुन्हा एकदा आडव्या दिव्यासमोर धरून पाहावी. इथे सुटलेली रेघ प्रायमरनंतरही काढता येते, मात्र रंगानंतर काढता येत नाही.

३. प्रायमर

प्रायमर म्हणजे रंगाला धरून ठेवणारा पहिला थर. त्याचे काम मूर्ती झाकण्याचे नाही, मूर्तीला रंग पकडण्याजोगी करण्याचे आहे. हा फरक लक्षात न आल्याने पुष्कळ जण दाट फवारा मारून चेहऱ्याचे नाक-डोळे बुजवून टाकतात.

डबा किमान दोन मिनिटे चांगला हलवावा. तो मूर्तीपासून २० ते ३० सेंटिमीटरवर धरावा. फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू करावा, मूर्तीवरून सरळ नेऊन पलीकडे बाहेरच थांबवावा. सुरुवातीलाच मूर्तीवर बटण दाबले की पहिले जाड थेंब तिच्यावरच पडतात. एकच जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत, प्रत्येक हातानंतर पट्टी फिरवावी, आणि शेवटचा हात पट्टी आडवी ठेवून खालच्या बाजूने द्यावा. हनुवटीखाली, बंदुकीमागे आणि पायांच्या मध्ये जे डाग उघडे राहतील ते पातळ काळ्या किंवा राखाडी रंगाने ब्रशने भरावेत.

हवामानाबाबत मी तडजोड करत नाही. एकदा पाऊस थांबल्यावर तासाभरात, खेळ दुसऱ्या दिवशी असल्यामुळे, मी २४ सैनिकांची अख्खी पलटण फवारून काढली. सकाळी सगळ्यांच्या अंगावर पॉलिश पेपरसारखा खरखरीतपणा होता. फवाऱ्याचे कण मूर्तीवर पोचण्याआधीच अर्धवट सुकले की, किंवा दमट हवेतली वाफ थरात अडकली की, असे होते. वरून दिलेला कोणताही रंग तो खरखरीतपणा झाकत नाही. उलट ड्राय-ब्रशने, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून फिरवल्याने, तो आणखी उठून दिसतो. अशा वेळी प्रायमर काढून पुन्हा सुरुवात करण्यावाचून इलाज नसतो. धातूच्या मूर्तींवरचा ॲक्रिलिक थर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून, दातब्रशने घासून निघतो. प्लॅस्टिक आणि रेझिनवर मात्र आधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावर प्रयोग करून पाहावा.

रंग कोणता निवडावा, हे सैन्यावर ठरवावे. गडद गणवेश, चिलखत आणि रणगाडे यांना काळा किंवा गडद तपकिरी प्रायमर सोयीचा पडतो, कारण खाचांत राहून गेलेली जागा सावलीसारखी दिसते. पांढरे, पिवळे आणि लाल रंग काळ्यावर चढता चढत नाहीत. ऑस्ट्रियन पायदळासारख्या पांढऱ्या कोटाच्या सैन्याला फिका राखाडी किंवा पांढरा प्रायमर घ्यावा. संभ्रम असेल तर राखाडी. काळा पूर्ण देऊन वरच्या कोनातून पांढऱ्याचा हलका फवारा मारला, तर उजेड कुठून पडतो ते मूर्तीवर आधीच दिसू लागते, आणि नवशिक्यालाही कुठे फिकट करायचे ते कळते.

मऊ प्लॅस्टिकचे सैनिक वाकतात आणि वाकले की त्यांच्या बंदुकांवरचा रंग पोपडे धरून सुटतो. त्यांना नीट धुऊन, लवचिक राहणारा प्रायमर द्यावा, आणि शेवटी वार्निशचाही एक हात जास्त द्यावा.

धोका: फवारा नेहमी उघड्या, हवेशीर जागेत, मास्क लावून आणि आगीपासून दूर मारावा.

तपासणी: २४ तासांनी बेसच्या खालच्या बाजूला नखाने हलके खरवडून पाहावे. थर सुटला, तर धुणे अपुरे झाले आहे. रंग देऊ नये.

४. सैनिकांचे मूळ रंग

ॲक्रिलिक रंग बाटलीतून थेट मूर्तीवर लावू नये. तो पाणी घालून साय काढलेल्या दुधाइतका पातळ करावा आणि दोन हात द्यावेत. पहिला हात डागाळलेला, अपुरा दिसतोच. त्याला घाबरून तिथेच रंग जाड करत बसू नये. रंग टिकवण्यासाठी ओली पाटी करावी: पसरट डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बेकिंगचा कागद. या कागदावर रंग तासन् तास ओला राहतो, शिवाय सगळ्या पलटणीसाठी दाटपणा एकसारखा राहतो.

ब्रशबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. सगळ्यात बारीक आकड्याचा ब्रश घेतला की बारीक काम होते, असे नाही. त्याच्यात रंग इतका कमी मावतो की टोक मूर्तीला टेकेपर्यंत सुकून जाते. १ किंवा २ क्रमांकाचा, पण टोक नीट जुळणारा ब्रश बहुतेक सगळी कामे करतो. रंग केसांच्या अर्ध्यापेक्षा वर चढू देऊ नये. धातूच्या नळीत शिरून सुकलेला रंग केस फाकवतो आणि ब्रश कायमचा वाया जातो.

एका वेळी आठ ते बारा सैनिक घ्यावेत. एक रंग घेऊन तो सर्वांना लावावा, मग दुसरा. बाराव्यापर्यंत पोचेतो पहिला सुकलेला असतो. वीसपेक्षा जास्त घेतले की कंटाळा येऊन शेवटच्यांचे काम ढिले होते, हे मी वारंवार पाहिले आहे.

क्रम आतून बाहेर असावा. आधी त्वचा, मग शर्ट आणि पँट, मग कोट, मग कॉलर आणि बाह्यांची टोके, मग पाठपिशवी आणि गुंडाळलेली कांबळी, मग पट्टे, मग बंदूक, आणि शेवटी बटणे व धातूच्या वस्तू. मूर्तीत जे अंगाशी जवळ आहे ते आधी रंगवायचे, म्हणजे वरचा थर देताना खालच्याची कड आपोआप सरळ होते. हा क्रम उलटा केला, तर प्रत्येक पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना कोट पुन्हा रंगवावा लागतो.

छातीवरचे फुलीचे पांढरे पट्टे हा सगळ्यात जास्त बिघडणारा भाग असल्यामुळे तो सविस्तर सांगतो. शुद्ध पांढऱ्याने सुरुवात करू नये. आधी पूर्ण पट्ट्यावर मळकट फिका राखाडी रंग द्यावा आणि तो कडेवरून कोटावर किंचित गेला तरी चालेल. सुकल्यावर कोटाचा मूळ रंग पातळ करून, ब्रशचे टोक पट्ट्याच्या कडेला लावून कोटावरूनच ओढत आणावे, म्हणजे बाहेर गेलेला राखाडी झाकला जातो आणि पट्टा पाहिजे तेवढाच अरुंद उरतो. नंतर पट्ट्याच्या मधोमध, दोन्ही कडांना राखाडीची केसाएवढी रेघ सोडून, किंचित मळकट पांढरी रेघ ओढावी. शुद्ध पांढरा फक्त खांद्यावरच्या वळणावर, एका बिंदूपुरता. एक मीटरवरून हा पट्टा स्वच्छ पांढरा दिसतो आणि कोटापासून वेगळाही उठतो. सुरुवातीपासून शुद्ध पांढरा दिलेला पट्टा मात्र सपाट, खडूने ओढल्यासारखा दिसतो.

डोळ्यांची काळजी करू नये. १५ मिमी मापात, म्हणजे साधारण तेवढ्या उंचीच्या सैनिकांत, ते रंगवूच नयेत. २८ मिमी मापातही भुवयांखाली गडद तपकिरी सावली पुरेशी आहे. हट्टाने काढलेल्या पांढऱ्या बुबुळांमुळे पलटणीतला प्रत्येक जण दचकल्यासारखा दिसतो.

घोडे सगळे एकाच तपकिरी रंगाचे करू नयेत. तीन-चार छटा ठेवाव्यात. नेपोलियनच्या काळात तुतारीवाल्यांना बहुधा करड्या-पांढऱ्या घोड्यांवर बसवत, तेवढे लक्षात ठेवावे.

५. सावली आणि उजेड

सर्व मूळ रंग किमान काही तास, शक्यतो रात्रभर, वाळल्यावर वॉश द्यावा. वॉश म्हणजे अतिशय पातळ गडद रंग, जो खाचांत जाऊन बसतो. त्वचा, लाल, खाकी आणि चामडे यांना तांबूस तपकिरी. निळा, काळा आणि पोलाद यांना काळपट. पांढऱ्याला फिका राखाडी. सगळ्या मूर्तीवर एकच काळा वॉश ओतला तर पलटण काजळी धरल्यासारखी होते.

वॉश लावल्यावर पाठीच्या पिशवीसारख्या सपाट भागावर थेंब साचतो. तो ओला असतानाच, धुऊन पिळलेल्या कोरड्या ब्रशच्या टोकाने टिपून घ्यावा. अर्धवट सुकल्यावर हात लावू नये. त्या क्षणी ब्रश लावला की वरची साय फाटते आणि गोल डागाची कड कायमची राहते.

वॉश पुरता सुकला की मूळ रंग पुन्हा घेऊन उंचवट्यांवर द्यावा, आणि त्यात थोडी फिकट छटा मिसळून घड्यांच्या कडा, खांदे, गुडघे, नाक आणि गालांची हाडे यांवर दुसरा हात द्यावा. लालमध्ये पांढरा मिसळू नये, तो गुलाबी होतो; नारिंगी किंवा फिकट त्वचेचा रंग मिसळावा. फरक जवळून थोडा भडक वाटला, तरी लांबून तो बरोबर दिसतो.

६. रणगाड्याचे रंगकाम

रणगाड्याला सैनिकाचा नियम उलटा लागतो: इथे आधी सपाट मोठे भाग, मग बारीकसारीक. मूळ रंग अस्सल छटेपेक्षा थोडा फिका घ्यावा, कारण तीच गडद छटा लहानशा प्रतिकृतीवर काळपट दिसते आणि रिव्हेट, झडपा, जोड हे सगळे तपशील त्यात बुडून जातात. १/१०० मापात हा फरक जास्त ठेवावा, १/५६ मध्ये कमी.

तिरंगी जर्मन नक्षी करताना पिवळा पूर्ण देऊन आधी हिरवे पट्टे आणि मग तपकिरी द्यावेत. ब्रशने करायचे असेल तर कडा किंचित विस्कटलेल्या ठेवाव्यात. नक्षी फवारलेली असे, त्यामुळे सुरीने कापल्यासारखी कड तिथे खोटी वाटते. नक्षी टरेटवरून खालच्या सांगाड्यावर सलग जायला हवी, म्हणून टरेट जागेवर ठेवून पट्ट्यांच्या रेघा पेन्सिलीने हलक्या आखून घ्याव्यात.

पुढे ड्राय-ब्रश. चपटा, जुना ब्रश फिकट छटेत बुडवून कागदावर इतका पुसावा की कागदावर रंग उमटेनासा होईल. मग तो कडांवरून आडवा फिरवावा. सपाट पत्र्यावर रेघा उमटल्या, तर ब्रशमध्ये रंग अजून जास्त आहे.

ट्रॅक चांदीच्या रंगाने रंगवणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. आधी गडद तपकिरी-काळा, मग जमिनीला घासणाऱ्या कडांवर फक्त पोलादी ड्राय-ब्रश, आणि वरून मातीच्या रंगाचा वॉश द्यावा. चाकांचे रबर शुद्ध काळे न करता गडद राखाडी करावे. फावडी आणि कुऱ्हाडी यांचे दांडे लाकडी रंगाचे, पाती काळपट पोलादी. दोन्ही बाजूंचे ट्रॅक जोडताना कड्यांची दिशा सारखी आहे ना, हे आत्ताच पाहून घ्यावे.

७. निशाण्या बसवणे

पाण्यात भिजवून लावायच्या डेकल निशाण्यांभोवती चकचकीत कडा दिसते तेव्हा लोक डेकलला दोष देतात. कारण वेगळेच असते. मॅट, म्हणजे बिनचकाकीचा, रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, त्या खळग्यांत डेकलखाली हवा अडकते आणि तीच चकाकते. म्हणून:

१) निशाणीच्या जागेवर तुकतुकीत वार्निशचा हात द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा.
२) डेकल पारदर्शक कडेच्या शक्य तितक्या जवळून कापावे आणि अर्धा मिनिट पाण्यात ठेवून ओल्या कागदावर काढावे. ते आपोआप सरकू लागले की तयार झाले. चिमट्याने ओढू नये.
३) जागेवर पाण्याचा थेंब टाकून त्यावर डेकल सरकवावे, जागा बसली की कापसाच्या काडीने मधून कडेकडे पाणी टिपावे.
४) डेकल मऊ करणारे द्रावण वरून लावावे. डेकलला काही मिनिटे सुरकुत्या पडतात. त्यांना हात लावू नये, वाळताना ते ताणून पृष्ठभागाला चिकटते.
५) तरीही हवेचा बुडबुडा राहिला, तर सुईने टोचून द्रावणाचा दुसरा थेंब द्यावा.

दुसऱ्या दिवशी वरून पुन्हा वार्निश द्यावे, म्हणजे पुढच्या वॉशने डेकल उचकटत नाही.

८. झीज, धूळ आणि चिखल

इथे हात आवरता घ्यावा. स्पंजचा लहान तुकडा गडद तपकिरीत बुडवून, बहुतेक रंग पुसून, झडपांच्या कडा, चढण्याच्या जागा आणि पुढच्या कोपऱ्यांवर टिपावा; रणगाड्यातले सैनिक जिथे पाय देतात तिथेच रंग झिजतो, टरेटच्या उभ्या भिंतीच्या मधोमध नाही. पातळ केलेला तेलरंग जोडांत सोडायचा असेल, तर खालच्या ॲक्रिलिकवर वार्निश हवेच. धूळ खालून वर विरत जावी: ट्रॅक आणि चाके सर्वात मळकी, टरेट जवळजवळ स्वच्छ. धुळीची छटा बेसवरच्या मातीशी जुळलीच पाहिजे.

९. बेस आणि वार्निश

बेसवर लाकडाचा पांढरा गोंद लावून बारीक वाळू दाबावी, वाळल्यावर गडद तपकिरी रंगवून फिकट छटेचा ड्राय-ब्रश द्यावा. बेसची कड सगळ्या सैन्याची एकाच रंगाची ठेवावी. कृत्रिम गवत मात्र आत्ता लावू नये, कारण वार्निशचा फवारा त्यावर बसला की ते पांढुरके आणि कडक होते.

खेळातल्या मूर्तींना दोन वार्निश लागतात. पहिला तुकतुकीत, कारण माझ्या अनुभवात घर्षण तोच जास्त सोसतो. तो पूर्ण वाळल्यावर दुसरा मॅट, चकाकी घालवण्यासाठी. फवाऱ्याचे अंतर आणि हवामानाचे नियम प्रायमरसारखेच. चेहऱ्यावर दिसणारी पांढुरकी भुकटी हा बहुतेक वेळा दमट हवेत किंवा जाड थरात मारलेल्या मॅट वार्निशचा परिणाम असतो, म्हणून आधी एखाद्या टाकाऊ मूर्तीवर फवारून तासभर थांबावे. पांढुरकेपणा आलाच, तर वरून ब्रशने तुकतुकीत वार्निशचा पातळ हात दिल्यावर तो पुष्कळदा नाहीसा होतो, आणि मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट देता येतो.

मॅट वार्निशने संगिनी आणि तलवारींची चमकही जाते. त्यांवर शेवटी पोलादी रंगाची एक रेघ ओढून, टोकाला ब्रशने तुकतुकीत वार्निश द्यावे. हात सर्वात जास्त लागतो तो या टोकांनाच. मग चिकटपट्टीचे कपटे काढून वेगळे ठेवलेले भाग जोडावेत आणि बेसवर गवत लावावे. पेटीतल्या फोममध्ये ठेवण्यापूर्वी मूर्ती दोन-तीन दिवस उघड्या राहू द्याव्यात. वरून सुकलेले वाटणारे वार्निश आत मऊ असते, आणि दाबून ठेवलेल्या फोमची जाळी त्यावर उमटते.